वय काय तुझं? – नववं चालू आहे. (जॉन हडसन, लंडन ते नॉरफोक बेट)

रानजाई (धागाकर्ती)

लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले जुने खटले आता कुणालाही घरबसल्या वाचता येतात. गेले काही महिने रात्री स्वयंपाकघर आवरलं की अर्धा-पाऊण तास मी तेच वाचत बसते. बहुतेक खटले चिमूटभर असतात. अमक्याने तमक्याचा रुमाल पळवला, साक्षीदार दोन, शिक्षा सात वर्षं. पान उलटायचं आणि पुढचा खटला. एका खटल्यापाशी मात्र मी अडकले ती अडकलेच, म्हणून हा धागा काढते आहे.

१० डिसेंबर १७८३. आरोपीचं नाव जॉन हडसन. ऑक्टोबरातल्या एका रात्री विल्यम होल्ड्सवर्थ नावाच्या माणसाच्या घरात शिरून चोरी केल्याचा आरोप. माल असा: एक तागाचा सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन अ‍ॅप्रन. सगळ्याची मिळून किंमत बावीस शिलिंग. मोजे पाचच, म्हणजे अडीच जोड. अंधारात हाताला लागले तेवढे घेतले असणार.

कोर्ट त्याला विचारतं:

वय काय तुझं?
नववं चालू आहे.
काय काम शिकलास?
काही नाही. कधीमधी धुराडी साफ करतो.
आई-बाप आहेत?
मेले.
कधी?
माहीत नाही.

इंग्रजी नोंदीतलं वयाचं उत्तर हुबेहूब आपल्याकडच्यासारखं आहे. आपण नाही का म्हणत, "आठ पूर्ण, नववं चालू"? पुस्तकं त्याला नऊ वर्षांचा धरतात. शब्दाला शब्द लावला तर तो आठ पूर्ण केलेला असावा. आणि ते शेवटचं "माहीत नाही". आई-वडील कधी गेले हे ज्या मुलाला सांगता येत नाही, ते गेले तेव्हा त्याला कळत तरी होतं का? की तेव्हापासून त्याला तारीख सांगणारंच कुणी उरलं नव्हतं?

होल्ड्सवर्थने पुरावा म्हणून काय दिलं ते वाचा. सकाळी त्याला टेबलावर पावलांचे ठसे दिसले. लहान पावलं, काजळीने माखलेली. त्याने एका कागदावर ते पाऊल आणि त्याची बोटं जमेल तितकी बारकाईने उतरवून घेतली, मुलगा पकडल्यावर पडताळण्यासाठी. धुराड्यात चढणाऱ्या मुलाच्या अंगातून काजळी कधी जातच नसे. अंघोळ वर्षातून दोन-चारदा, झोपायला काजळीचीच पोती. त्या काळच्या धुराड्यांतून मोठ्या माणसाचं अंग जात नसे, म्हणून पाच-सहा वर्षांची मुलं आत सोडत. त्यांच्या कोपर-गुडघ्यांची कातडी निबर व्हावी म्हणून खारं पाणी चोळत. आठ वर्षांखालच्या मुलाला या कामाला ठेवू नये असा कायदा इंग्लंडमध्ये १७८८ मध्ये झाला आणि तो कागदावरच राहिला. ही पद्धत खरोखर बंद पडायला १८७५ उजाडलं.

तर या मुलाला शिक्षा झाली सात वर्षं समुद्रापार पाठवण्याची. घरी आठ-नऊ वर्षांचं मूल असलेल्यांनी आज रात्री त्याच्याकडे एकदा नीट बघावं आणि मग हे वाक्य परत वाचावं.

तुम्हाला यातलं जे माहीत असेल ते लिहा. कायद्याचं, समुद्राचं, ऑस्ट्रेलियाचं, आपल्याकडच्या काळ्या पाण्याचं. पुढे त्याचं काय झालं ते मी सवडीने लिहीन.

खडूफळा

वाचून सुन्न झाले. मी तिसरीच्या वर्गाला शिकवते, म्हणजे जॉनच्याच वयाची बेचाळीस मुलं रोज समोर असतात. यातल्या काहींना अजून बुटाची नाडी बांधता येत नाही.

एक कळलं नाही. बावीस शिलिंगच्या चोरीला एवढी शिक्षा का? आणि न्यायाधीशाला काहीच वाटलं नाही का?

माळरानचा_वकील

@खडूफळा, न्यायाधीशाला वाटलं होतं, आणि तेच या खटल्यातलं सगळ्यात दुखरं आहे. मीही ही नोंद पूर्वी वाचली आहे.

आरोप रात्रीच्या घरफोडीचा होता आणि त्याला फाशी होती. न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावलं ते साधारण असं: मुलाने कबुली दिली ती भीतीपोटी, ती फारशी धरू नका. घरमालकाला चोरी सकाळी आठला कळली, म्हणजे मुलगा उजाडल्यावरही आत शिरलेला असू शकतो. मग रात्रीची घरफोडी सिद्ध होत नाही. एवढ्या कोवळ्या वयाच्या मुलाला त्या गुन्ह्यात दोषी धरणं फार कठोर होईल. पुढे ते म्हणतात की अशा मुलाला विनाशातून ओढून काढता आलं तर काढावं, कारण हा सुटला तर पुन्हा त्याच आयुष्यात जाईल आणि घरं फोडण्यासाठी मुलं वापरणाऱ्या वाईट लोकांच्या हातचं हत्यार बनेल.

ज्यूरीने घरफोडीतून सोडलं, साध्या चोरीत दोषी धरलं. म्हणजे "ओढून काढणं" याचा अर्थ त्या कोर्टापुरता निघाला तो समुद्रापार पाठवणं! अनाथ मुलाला ठेवायला त्यांच्याकडे दुसरी जागाच नव्हती. फाशी, चाबूक, तुरुंग आणि जहाज, एवढंच त्यांच्या हाताशी होतं.

कायदा थोडक्यात सांगतो. एका शिलिंगाच्या वरची चोरी म्हणजे "मोठी चोरी", आणि तिला नावापुरती फाशीच. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल गेला तर फाशी. दुकानातून गुपचूप पाच शिलिंगांचा उचलला तरी फाशी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाशीचे गुन्हे दोनशेच्या वर गेले होते. लोकांना हे झेपत नव्हतं, म्हणून ज्यूरी मुद्दाम मालाची किंमत पाडून सांगत. डोळ्यांसमोर तीन पौंडांचा, म्हणजे साठ शिलिंगांचा माल असताना निकालात "एकोणचाळीस शिलिंग" लिहीत, म्हणजे गळा वाचला. फाशी आणि नुसतं सोडून देणं यांच्या मधली शिक्षा सरकारला हवी होती. १७१८ च्या कायद्याने ती दिली. सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभर परमुलखात. त्या कायद्याखाली सुमारे पन्नास हजार माणसं अमेरिकेतल्या वसाहतींत गेली. तिथे त्यांची मुदत विकत घेऊन मळेवाले राबवून घेत.

१७७५ मध्ये अमेरिकेने लढाई पुकारली आणि ते दार बंद झालं. शिक्षा मात्र सुरूच राहिल्या. माणसं ठेवायची कुठे? मग डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजं टेम्समध्ये, पोर्ट्समथला, प्लिमथला नांगरून ठेवली आणि त्यांत कैदी कोंबले. हडसनला शिक्षा झाली ती नेमकी या मधल्या काळात. त्याला कुठे पाठवायचं हे शिक्षा सुनावणाऱ्यांनाही धड ठाऊक नव्हतं.

वयाचंही सांगतो. सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हा कळत नाही असं इंग्लिश कायदा धरत असे. सात ते चौदा या वयात कळत नाही असं गृहीत धरायचं, पण कळत होतं असं दाखवता आलं तर शिक्षा. आपल्या दंडसंहितेत १८६० साली हीच कल्पना आली, फक्त चौदाचे बारा झाले. आज मुलांचे खटले निराळ्या कायद्याने बाल न्याय मंडळापुढे चालतात. पण त्या जुन्या कलमांखाली कुठेतरी हे हडसनचं वय उभं आहे असं मला नेहमी वाटतं.

दख्खनचा_वारा

लेख चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. आजच्या चष्म्यातून तो काळ बघू नये. त्या काळी जगभर शिक्षा क्रूरच होत्या, आपल्याकडेही चोराचे हात तोडत. त्या मानाने या लोकांना जिवंत राहायला आणि नवीन सुरुवात करायला जागा मिळाली. कितीतरी जणांनी तिथे जमिनी केल्या, दुकानं काढली. लंडनमध्ये राहिला असता तर हा मुलगा विसाव्या वर्षी फासावर गेला नसता कशावरून?

सिडनीकर_मीनल

@दख्खनचा_वारा, तुमचं अर्धं म्हणणं मला रोज पाकिटात दिसतं. इथल्या वीस डॉलरच्या नोटेवर मेरी रीबी आहे. लँकशरची पोरकी मुलगी, तेराव्या वर्षी मुलाचे कपडे घालून घरातून पळाली, घोडा चोरल्याच्या आरोपात सापडली. तिच्यावर खटला चालला तोही मुलाच्या नावाने. सात वर्षांची शिक्षा होऊन १७९२ मध्ये सिडनीला पोचली. पुढे लग्न केलं, नवरा गेल्यावर सात मुलं सांभाळत जहाजांचा आणि व्यापाराचा कारभार एकहाती चालवला आणि शहरातल्या बड्या श्रीमंतांत गेली. पूर्वीच्या दहा डॉलरच्या नोटेवर फ्रान्सिस ग्रीनवे होता, खोट्या दस्तऐवजासाठी शिक्षा होऊन आलेला वास्तुरचनाकार. खोट्या कागदासाठी आलेला माणूस चलनी नोटेवर! इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे आणि तो मला आवडतो.

पण जे तरले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. ग्रीनवेने आराखडा केलेली हाइड पार्क बॅरॅक्स ही कैद्यांची बराक मी सासू-सासरे आले तेव्हा त्यांना दाखवायला नेली होती. वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना दोऱ्यांनी बांधलेल्या झोळ्या, एकीला एक खेटून. फळ्यांखाली उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्या आणि सटरफटर वस्तू शंभर-दीडशे वर्षं तशाच राहिल्या, त्यांवरून आत राहणाऱ्यांचं आयुष्य अभ्यासकांना कळलं. सासूबाई एका झोळीपाशी थांबल्या. हात लावू देत नाहीत, तरी त्यांनी हलकेच बोट लावलं आणि म्हणाल्या, "आपल्या पाळण्यापेक्षा थोडीच मोठी गं." त्यानंतर बाहेर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

मेरी वेडची गोष्टही इथे लिहायला हवी. १७८८ च्या ऑक्टोबरात तिने आणि जेन व्हाइटिंगने आठ वर्षांच्या एका मुलीला गाठून तिच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. झगा, खांद्यावरचं वस्त्र आणि टोपी. झगा गहाण टाकून अठरा पेन्स मिळवले. मेरी तेव्हा जेमतेम अकरा-तेरा वर्षांची, लंडनच्या रस्त्यावर झाडू मारून आणि भीक मागून जगणारी. दोघींना फाशी सुनावली गेली. तेवढ्यात राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यातून बरा झाला, आणि त्या आनंदात मार्च १७८९ मध्ये फाशी ठरलेल्या बायकांची शिक्षा बदलून समुद्रापार धाडण्याची केली. राजा महिनाभर उशिरा बरा झाला असता तर? मेरी पुढे म्हातारी होऊन १८५९ मध्ये वारली. तिचा वंश इतका पसरला की माजी पंतप्रधान केव्हिन रड हेही त्यातलेच. आणि ज्या लहान मुलीचे कपडे गेले, तिचं नाव नोंदीत आहे पण कुठल्या नोटेवर नाही. तीही गरीबच होती. मला ती दोघीही आठवतात.

रानजाई (धागाकर्ती)

मीनल, तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

@दख्खनचा_वारा, त्या काळाच्या चष्म्यातूनच बघू या. वर वकीलसाहेबांनी लिहिलंय ते त्याच काळातल्या न्यायाधीशाचं बोलणं आहे. किमती पाडून सांगणारे ज्यूरीही त्याच काळातले. जे चाललंय ते बरोबर नाही हे त्यांना तेव्हाच जाणवत होतं. आणि "नवीन सुरुवात" जॉनला मिळाली का, तेवढं आता सांगते.

मार्च १७८४. त्याला मर्क्युरी जहाजावर चढवलं, जायचं होतं अमेरिकेला. लढाई संपली होती, आता तरी तिकडे कैदी खपतात का याचा सरकारला अंदाज घ्यायचा होता. एप्रिलमध्ये कैद्यांनी बंड करून जहाजच ताब्यात घेतलं आणि इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावर टॉरबेला आणलं. पुष्कळजण पळाले, बहुतेक सगळे पकडले गेले. जॉनही. तिथून त्याला प्लिमथला डंकर्क नावाच्या नांगरलेल्या जहाजावर टाकलं. त्या जहाजावर तो जवळजवळ तीन वर्षं होता. दहाव्या वर्षापासून तेराव्याच्या उंबरठ्यापर्यंत, मोठ्या पुरुष कैद्यांच्या बरोबर, पाण्यावरच्या अंधाऱ्या लाकडी पेटीत. त्या तीन वर्षांत त्याच्यावर काय गुदरलं असेल याचा मी विचार सुरू करते आणि मध्येच सोडून देते.

मार्च १७८७ मध्ये त्याची रवानगी फ्रेंडशिप जहाजावर झाली. १३ मेला अकरा जहाजांचा तांडा पोर्ट्समथहून ऑस्ट्रेलियाकडे निघाला, तिकडे गेलेला कैद्यांचा हा पहिलाच तांडा. पहिल्या तांड्यातल्या कैद्यांत हाच सर्वांत लहान मुलगा मानला जातो. १७९० च्या मार्चमध्ये त्याला सिडनीहून प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावर नेलं. नेणारं सिरियस जहाज माणसं उतरवून झाल्यावर काही दिवसांतच खडकावर आपटून फुटलं, आणि बेटावर खायला इतकं कमी उरलं की डोंगरावर घरटी करणारे समुद्रपक्षी हजारोंनी मारून लोक जगले.

मग १५ फेब्रुवारी १७९१ ची नोंद. रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला म्हणून जॉन हडसनला पन्नास फटके.

शिक्षा सुनावली गेली डिसेंबर १७८३ मध्ये. सात वर्षं डिसेंबर १७९० ला पुरी होतात. हे फटके बसले तेव्हा त्याची मुदत संपून दोन महिने झाले होते! मी बोटं मोजून तीनदा पडताळलं. पहिल्या तांड्याबरोबर कैद्यांच्या मुदतीची कागदपत्रं आलीच नव्हती, ती इंग्लंडमध्ये राहून गेली होती. "माझी सात वर्षं झाली" असं कुणी म्हणालं तरी ते ताडून बघायला वसाहतीच्या गव्हर्नर फिलिपकडे काही नव्हतं. ज्याला स्वतःचं वय धड सांगता येत नव्हतं, त्याने मुदत कुणाला आणि कशी सांगायची?

या पन्नास फटक्यांपाशी त्याच्या नोंदी थांबतात. तेव्हा तो सोळा-सतराचा होता.

दर्यासारंग

धागा पहिल्यापासून वाचतोय. मी वीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, मूळचा रत्नागिरीचा. समुद्राच्या बाजूने थोडं लिहितो.

पोर्ट्समथ ते बॉटनी बे (सिडनीजवळची खाडी) २५२ दिवस लागले. वाटेत टेनेरीफ, रिओ आणि केप टाउन. नकाशावर बघितलंत तर आफ्रिकेला जायला आधी दक्षिण अमेरिकेचा किनारा गाठणं वेडेपणा वाटेल. पण शिडाच्या जहाजाला वारा नेईल तिकडून जावं लागतं, आणि अटलांटिकमधला वारा आणि प्रवाह तसेच फिरतात. केपनंतर खाली चाळीस अंशांच्या पट्ट्यात उतरायचं, तिथला पश्चिमेचा वारा धरला की सुसाट पूर्वेकडे. आजच्या यांत्रिक बोटीवरूनही त्या पट्ट्यात मी भल्या भल्यांना आडवं झालेलं पाहिलंय. फ्रेंडशिप म्हणजे तीनशे टनांच्याही आतलं जहाज. आपल्या मांडव्याच्या फेरी बोटीत बसलेल्यांनी मनात ताडून बघावं.

त्याच जहाजावर राल्फ क्लार्क नावाचा अधिकारी होता, त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. केप टाउनला मेंढ्या चढवायच्या म्हणून फ्रेंडशिपवरच्या बायका इतर जहाजांवर हलवल्या. क्लार्क लिहितो की त्या बायकांपेक्षा या मेंढ्यांची सोबत जास्त सुखाची होईल. जॉन तेव्हा त्याच जहाजाच्या पोटात होता.

तरीही तांड्याचा प्रमुख कॅप्टन फिलिप, वर आलेला गव्हर्नर तोच, त्याला श्रेय द्यायला हवं. त्याने बंदराबंदराला ताजं मांस, भाजी, फळं घेतली, कैद्यांना डेकवर हवेला येऊ दिलं. चौदाशेच्या आसपास माणसांतली सुमारे पन्नासच दगावली. त्या काळच्या मानाने ही फार मोठी गोष्ट.

दुसऱ्या तांड्याचं ऐका. तीन जहाजांवर हजारेक कैदी, त्यातला साधारण चौथा हिस्सा वाटेतच मेला. जे उतरले त्यांतलेही पुष्कळ किनाऱ्यावर गेले. कारण कंत्राट! गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीला काम दिलं, दर माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि मोजणी चढवताना. उतरताना किती जिवंत आहेत याला पैसे नव्हते. मेलेल्याचा शिधा वाचतो आणि पुढच्या बंदरात विकता येतो. गुलामांसाठीच्या आखूड बेड्या घालून त्यांना खाली ओलीत ठेवलं. पुढे सरकारने जिवंत उतरलेल्या माणसामागे पैसे ठेवले, बोटीवर डॉक्टर नेमले, तेव्हा मृत्यू झपाट्याने कमी झाले. माणसं तीच, समुद्र तोच. पैसे कशाचे मिळतात तेवढं बदललं.

मी पहिल्यांदा बोटीवर गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आई मिरकरवाड्यापर्यंत आली होती. परतीची तारीख करारात लिहिलेली होती, तरी पहिले चार दिवस मी रात्री तोंडावर पांघरूण घेऊन रडलो. एवढंच सांगायचं होतं.

शब्दवेडा

दर्यासारंग, फार छान लिहिलंत.

या शिक्षेला मराठीत काय म्हणायचं याचा विचार करत होतो. कायद्यात ती "काळे पाणी" या नावानेच रुळली. जुन्या समजुतीप्रमाणे समुद्र ओलांडला की जात जायची, म्हणून आपल्याकडे तिचा धाक फाशीच्या जवळ जाणारा होता. भारतीय दंडसंहितेतून ही शिक्षा गेली १९५६ च्या आरंभी, तिच्या जागी "जन्मठेप कारावास" आला. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणापर्यंत ती पुस्तकात होती.

दुसरा शब्द "तडीपार". तड म्हणजे तीर, काठ. काठापलीकडे घालवणं. आज तो पोलीस कायद्यातल्या ५५ ते ५७ या कलमांपुरता आणि पेपरातल्या बातम्यांपुरता उरलाय, माणूस फार तर शेजारच्या जिल्ह्यात जातो. पण जॉनला जे केलं ते अक्षरशः तडीपार करणंच.

घाटवाट

मी मूळचा वाईचा. हा विषय आपल्या किती जवळचा आहे ते सांगतो.

महाबळेश्वरला चायनामन फॉल्स बहुतेकांनी पाहिलाय. ते नाव कुठून आलं? एकोणिसाव्या शतकात तिथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. पेनांग, मलाक्का, सिंगापूर या ब्रिटिश वसाहतींत शिक्षा झालेल्यांना समुद्रापार पाठवायचं ते मुंबई इलाख्यात. त्यांतले काही रत्नागिरीला, काही महाबळेश्वरला. त्यांनी रस्त्यांची कामं केली, बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे पिकवले, वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणल्या. धबधब्याजवळ त्यांच्या बागा होत्या म्हणून ते नाव. त्यांचं काळं पाणी म्हणजे आपला सह्याद्री! लहानपणी सहलीला गेलो की आम्ही तिथे कणीस खात फोटो काढायचो. कुणी सांगितलंच नाही.

आणि त्याच वेळी आपली माणसं उलट्या दिशेने जात होती. १८१५ पासून मॉरिशसला बंगाल आणि मुंबई इलाख्यातले कैदी पाठवले, ते तिथले रस्ते बांधत होते. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये पोर्ट लुईला थांबला तेव्हा त्याला ते दिसले. हिंदुस्थानातली माणसं इतकी रुबाबदार असतील याची कल्पना नव्हती असं त्याने लिहून ठेवलंय. सिंगापुरात १८२५ पासून भारतीय कैदी गेले. तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातचं. अंदमान बरंच नंतरचं, १८५८ चं. अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात, ते योग्यच आहे. पण त्या बेटावर पाठवलेल्यांत राजकीय कैदी मूठभर होते. बाकीचे हजारो साधे गुन्हेगार, ज्यांच्यावर कुणी काही लिहिलं नाही.

सिडनीकर_मीनल

घाटवाट, चायनामन फॉल्सचं मला माहीतच नव्हतं. धन्यवाद.

एक राहून गेलं ते लिहिते. पहिला तांडा सिडनी कोव्हमध्ये उतरला ती तारीख २६ जानेवारी १७८८. आपल्याकडे प्रजासत्ताक दिन. इथे आमचं मंडळ सकाळी झेंडावंदन करतं आणि त्याच दिवशी शहरात आदिवासींचा मोर्चा निघतो, कारण त्यांच्यासाठी तो आक्रमणाचा दिवस. कोव्हभोवतीची जमीन गडिगल लोकांची होती. तांडा आल्यावर सव्वा वर्षात देवीची साथ आली आणि सिडनीभोवतीची आदिवासी वस्ती निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त गेली. जॉनला "नवीन सुरुवात" म्हणून जी जमीन दाखवली, ती त्यांची होती. झेंडावंदनाला मी जातेच. पण गेल्या वर्षीपासून दुपारी त्या मोर्चालाही जाते.

दख्खनचा_वारा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मुदत संपल्यावर फटके, हे मला माहीत नव्हतं. "नवीन सुरुवात" हा शब्द मी मागे घेतो, निदान या मुलापुरता.

एक विचारायचं होतं. नंतर तरी मुलांसाठी वेगळी सोय झाली का?

माळरानचा_वकील

झाली. टास्मानियात, पोर्ट आर्थर या कैद्यांच्या वसाहतीसमोरच्या भूशिरावर, १८३४ मध्ये पॉइंट प्युअर उघडलं. लॅटिनमध्ये "प्युअर" म्हणजे मुलगा. १८४९ पर्यंत सुमारे तीन हजार मुलं तिथे गेली, काही नऊ-दहा वर्षांची. मोठ्या कैद्यांपासून वेगळी ठेवत, लिहायला-वाचायला शिकवत, सुतारकाम, चांभारकाम, होड्या बांधणं, दगड घडवणं शिकवत. पोर्ट आर्थरच्या चर्चचे कोरीव दगड या मुलांनी घडवलेले. फटके आणि अंधारकोठडी तिथेही होतीच. ब्रिटिश साम्राज्यात फक्त मुलांसाठी बांधलेला पहिला तुरुंग म्हणून तो ओळखला जातो. एकूण १८६८ पर्यंत ऑस्ट्रेलियाला सुमारे १,६२,००० माणसं पाठवली गेली.

अबोली

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज राहवलं नाही.

आमच्या शहरातल्या एका निरीक्षणगृहात मी आठवड्यातून दोनदा मुलांना वाचायला शिकवते. मोबाइल चोरणं, भंगार उचलणं, दुकानाचं शटर वाकवून आत शिरणं. शटरच्या फटीतून लहान अंगाचंच मूल जातं, मागे उभा असतो तो मोठा माणूस असतो आणि तो सहसा सापडत नाही. न्यायाधीशांनी १७८३ मध्ये जे म्हटलं तेच.

तिथे एकदा नवीन मुलाचा फॉर्म भरायला मदत करत होते. वडील? वारले. कधी? तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पावसाळा होता." मी रकान्यात काय लिहू ते कळेना. शेवटी तेच लिहिलं, पावसाळा. वरिष्ठांनी खोडून रेघ मारली.

रानजाईताई, जॉनला निदान "माहीत नाही" असं कुणीतरी शब्दाला शब्द लिहून ठेवलं. म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

रानजाई (धागाकर्ती)

अबोली, लिहीत राहा. तुमच्याकडे जे आहे ते ओल्ड बेलीच्या कागदांत नाही.

खडूफळा

तीन दिवसांनी परत आले आहे. शनिवारी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला मुलांना जॉनची गोष्ट सांगितली. फटके सांगितले नाहीत. धुराडं, काजळी, जहाज, मेंढ्या आणि पक्षी एवढं सांगितलं. मुलांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे देते:

त्याला पोहता येत होतं का?
मेंढ्यांना जहाज लागतं का?
त्याने मोजे पाचच का घेतले, सहावा कुणाकडे राहिला?
तो कागद अजून आहे का, पायाचा?

शेवटच्या प्रश्नानंतर एकीने वहीचं मधलं पान काढलं, चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि पेन्सिलने भोवती रेघ ओढली. मग सगळ्यांनीच. जमिनीवर बेचाळीस कागद पसरले. मधल्या सुट्टीनंतर गणिताचा तास होता, म्हणून पट्ट्या काढून मोजायला लावलं.

वर्गातल्या सर्वांत लहान चणीच्या मुलाचं पाऊल एकोणीस सेंटिमीटर भरलं. मी तो कागद घरी आणलाय.